आणखी एक तुकडा खाण्याआधी

गांजा घातलेलं काही खाल्ल्यावर अर्ध्या तासात काही जाणवलं नाही तर आणखी एक तुकडा खावा, असा सल्ला कुणीतरी दिलाय; तो मला अजिबात पटला नाही. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. खाल्लेला पोटातून आधी यकृतात जातो आणि तिथे टीएचसीचं, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याचं, आणखी जोरकस रूप तयार होतं. पूर्ण असर यायला चार तासही लागू शकतात. शिवाय गांजा घालून घरी केलेल्या लोण्यात मात्रा किती ते कळत नाही. इथे कॅनडात दुकानातल्या खाण्याच्या अख्ख्या पाकिटात १० मिलीग्रॅमच टीएचसी चालतं.

आमच्याकडे भावाने केलेलं असंच लोणी फ्रिजमध्ये साध्याच डब्यात होतं. रंग हिरवट, त्यामुळे आईला वाटलं कोथिंबीर घातलीय. तिने गरम पोळीला लावून खाल्लं. दीड तासाने तोंडाला कोरड, छातीत धडधड. "मला अर्धांगवायू होतोय रे" म्हणत माझा हात सोडेना. अख्खी रात्र इमर्जन्सीत काढली. त्या दिवसापासून डबा कुलपात असतो आणि वर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलंय, कारण इंग्रजी लेबल आईला वाचताच आलं नसतं.