मुलं तुटतात ती खिडकीवर

ताई, ‘विश्वास उडाला की तरुण मुलं घरी बसतात’ हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. आमच्या इंदूरचंच बघा. २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला. मतदान २०१९ पेक्षा घटलं, हे खरं. पण ‘नोटा’ला, म्हणजे ‘यांपैकी कुणीही नको’ या पर्यायाला, २ लाख १८ हजारांवर मतं पडली! इतकी चिडलेली माणसं रांगेत उभी राहिलीच ना?

मन उठतं ते मोठ्या निवडणुकीत नाही, सरकारी कचेरीतल्या रोजच्या खिडकीवर. माझ्या भाचीने एका दाखल्यासाठी चार चकरा मारल्या. ‘साहेब जेवायला गेलेत, उद्या या.’ पावती घड्या पडून पडून फाटली, तिने मागून चिकटपट्टी लावली. पुढे मतदार यादीत नाव घाल म्हटलं तर पहिला प्रश्न, “मामा, तिथेही चकराच का?” मला फार लागलं ते.

यादीत नवं नाव घालायचा अर्ज, म्हणजे फॉर्म ६, मोबाइलवरून भरता येतो, सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज चालतो, आणि अठरा पूर्ण झाली का हे ज्या दिवशी मोजतात, त्या पात्रता तारखा आता वर्षाला चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. तिच्या वर्गात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रात्री शेजारी बसून तिचा अर्ज भरला. आता मैत्रिणींचे भरून देतेय.