तिसरीतली मुलगी अजून अडखळत वाचते. झेडपीची शाळा बदलावी का? (डिसेंबर 2021 मधली चर्चा)

रानफूल

मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला आहे. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तिची पहिली संपत आली होती. दुसरी सगळी मोबाइलवर गेली. आता 1 डिसेंबर 2021 पासून वर्ग सुरू झालेत, पण एक दिवसाआड. शाळेचा पट 52, शिक्षक दोन. पुस्तक दिलं की पहिल्या दोन ओळी घडाघडा वाचते, पुढे गाडी अडते. हातच्याची वजाबाकी हमखास चुकते. घरचे म्हणतात, जूनमध्ये तालुक्याला सेमी-इंग्रजीत घाला. ती नेमकी किती मागे आहे हे घरी कसं ओळखायचं? आणि शाळा बदलण्याआधी या शाळेकडून हक्काने काय मागता येईल?

पाटीपेन्सिल

ताई, पहिल्या दोन ओळी घडाघडा येतात, तिथेच संशय घ्या. ते पाठांतर असू शकतं. पोस्टकार्डाला एका शब्दाएवढी खिडकी कापा, पानावर ठेवा आणि ओळीच्या शेवटाकडून एकेक शब्द विचारा. पाठ केलेलं मूल इथे लगेच थांबतं.

मग पातळी बघा. ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाची पद्धत घरी सहज करता येते: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून. पहिलीच्या तोडीची चार सोपी वाक्यं, तिने आधी न पाहिलेली. तीनपर्यंत चुका चालतील, पण वाचन वाक्यासारखं हवं, सुटे शब्द मोजल्यासारखं नको. जमलं तर दुसरीच्या तोडीची आठ-दहा वाक्यांची गोष्ट द्या. नाही जमलं तर खाली शब्दांवर या, पाचपैकी चार यायला हवेत. तेही नाही तर अक्षरं, तिथेही पाचपैकी चार. मध्येच शब्द सांगू नका, चेहरा पाडू नका, दहा मिनिटांत आटपा.

कुठे अडते ते कागदावर लिहून ठेवा, कारण ‘वाचता येत नाही’ म्हणून काहीच हाती लागत नाही. सारख्या दिसणाऱ्या जोड्या: घ-ध, भ-म, थ-य, प-ष. ‘ख’ला ‘रव’ वाचणं. ऱ्हस्व इकार, कारण ‘कि’मध्ये वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि उच्चारात मागून येते. आणि ‘र’ची सगळी सोंगं: सूर्य, चक्र, ट्रक, सुऱ्या. पहिलीच्या शेवटी शाळा सुटलेल्या मुलाचा काना-मात्रेचा पाया कच्चा राहतो आणि जोडाक्षरांची तर नीट ओळखच होत नाही.

दशक_एकक

वजाबाकीचं मी सांगतो. 42 − 17 लिहून द्या. उत्तर 35 आलं तर मूल नियमाने चुकतंय: 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून 7 मधून 2 काढून मोकळं होतंय. याला पाढे पाठ करून घेणं हा उपाय नाही. 42 काड्या घ्या, दहाचे चार गठ्ठे रबर लावून, दोन सुट्या. ‘सतरा दे’ म्हणा. सात सुट्या देता येत नाहीत हे तिच्याच लक्षात येईल. एका गठ्ठ्याचं रबर तिला स्वतः काढू द्या. आता तीन गठ्ठे, बारा सुट्या. सात दिल्या, एक गठ्ठा दिला, उरल्या 25. दशक सुटा करणं म्हणजे हेच. चार-पाच दिवस काड्या, मग काड्या आणि मांडणी शेजारी शेजारी, मग नुसती मांडणी. थेट मांडणीवर उडी घेतली की आठवड्याने पुन्हा 35.

संख्या वाचनही तपासा. ‘एकोणतीस लिही’ म्हटल्यावर 39 लिहिलं तर ‘तीस’ ऐकून 3 आणि ‘एकोण’ म्हणून 9 बसवलाय. ‘चोवीस’ला 42 होतं, कारण मराठीत एकक आधी बोलला जातो. यावरूनच 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं आणि महाराष्ट्रभर टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांनी 39 लिहिणारं मूल समोर बसवून पाहिलं नसावं. तुमच्या मुलीला तेच पुस्तक होतं. घरात ‘असं कुठे म्हणतात का’ म्हणून हाणून पाडू नका. ‘वीस चार म्हणजे चोवीस’ अशी दोन्ही नावं जोडीने म्हणून घ्या.

सडेतोड

एवढा खटाटोप कशाला? दोन शिक्षक आणि चार वर्ग असलेल्या शाळेत राहून काय होणार? घाला सेमीत.

तिसरी_घंटा

@सडेतोड, पट 60 पर्यंत दोन शिक्षक हा 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचाच निकष आहे. म्हणजे 52 मुलं आणि चार वर्ग असले की प्रत्येक शिक्षकाकडे दोन वर्ग येणारच. ही अडचण खरी आहे, पण ती शाळेच्या आळसातून आलेली नाही.

रानफूल, सेमीबद्दल आधी हिशेब करा. खासगी शाळांतल्या शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के मोफत जागा फक्त प्रवेशाच्या वर्गाला असतात, चौथीला नाहीत. म्हणजे शाळा विनाअनुदानित असेल तर पूर्ण फी भरावी लागेल. तिथे गणिताचं पुस्तक इंग्रजी. आकड्यांची इंग्रजी नावं उलट मराठीपेक्षा सरळ आहेत, पण शाब्दिक उदाहरण वाचणार कसं? मराठी वाचन पक्कं नसताना दुसरी लिपी डोक्यावर घेतली तर दोन्हीकडे अडखळते. बदलायचीच असेल तर वाचन गोष्टीच्या पातळीवर आल्यावर बदला.

या शाळेकडे काय मागायचं ते कायद्यातच आहे. कलम 24 प्रमाणे प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून लागेल तिथे जादा शिकवणं आणि पालकांना प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. कलम 21 ची शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. कलम 28 प्रमाणे शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही, तेव्हा तो विषय गुरुजींकडे काढूच नका.

भांडायला जाऊ नका, दोनच गोष्टी मागा. एक, 1 जुलै 2021 पासूनच्या, मागचं राहिलेलं भरून काढायच्या 45 दिवसांच्या सेतू अभ्यासक्रमाच्या तिन्ही चाचण्या दाखवा. सेतू मागच्या इयत्तेचा होता. तुमच्या मुलीचं कच्चं राहिलेलं त्याच्याही मागचं असेल, तर सेतू डोक्यावरून गेलाय हे त्या पेपरांत दिसेल. दोन, रोजचा एक तास इयत्ता मोडून पातळीप्रमाणे गट. दुसरी ते चौथीची शब्दावर अडलेली मुलं एकीकडे, परिच्छेदावर अडलेली दुसरीकडे. दोन शिक्षकी शाळेत हे उलट सोपं जातं, कारण वर्ग तसेही एकत्र बसतात. शिवाय सध्या कोरोनामुळे एका बाकावर एक आणि वर्गात 15-20 च मुलं, असे छोटे गट पुन्हा मिळायचे नाहीत.

रानफूल

काल खिडकीचं कार्ड करून पाहिलं. शब्द पाचपैकी चार. परिच्छेदात सहा चुका, त्यातल्या चार जोडाक्षरांच्या. 42 − 17 चं उत्तर 35 च आलं! शाळा नसते त्या दिवशी काय करून घेऊ?

पाटीपेन्सिल

म्हणजे शब्दाची पातळी, आणि गाठ जोडाक्षरात. चाळीस मिनिटं पुरेत, वीस-वीसच्या दोन बैठका.

सकाळी एकच जोडाक्षर-कुटुंब. पहिला आठवडा दांडी गळणारी: ग्य, ल्ल, स्त, च्च. योग्य, किल्ला, पुस्तक, बच्चू. ‘स्’चं कार्ड आणि ‘त’चं कार्ड सरकवत जवळ आणून ‘स्त’ म्हणायला लावा. दुसरा आठवडा पाय मोडणारी: ट्ट, ठ्ठ, ड्ड. घट्ट, लठ्ठ, अड्डा. रफार आणि ‘प्र’ शेवटी, दोन्ही एका दिवशी अजिबात नको. क्ष, ज्ञ, त्र, श्र अख्खी चित्रं म्हणूनच ओळखू द्या.

संध्याकाळी चार ओळींचा नवा मजकूर. आधी तुम्ही बोट फिरवत वाचा, मग दोघी मिळून, मग ती एकटी. नंतर त्यातलं एक वाक्य न बघता लिहायला सांगा. वाचताना लपलेली चूक लिहिताना बाहेर येते. तोच मजकूर दुसऱ्या दिवशी द्यायचा नाही, नाहीतर पुन्हा पाठांतर.

पंधरा दिवसांनी नव्या परिच्छेदावर चाचणी. चुका तीनवर आल्या की गोष्टीकडे. सहाच राहिल्या तर जोडाक्षरं थांबवून काना-मात्रा परत तपासा.

दशक_एकक

आणि काड्या तिलाच बांधू द्या. दहा मोजून रबर लावणं हाही अभ्यासच.