बाळाचं डोकं एकदम वाढलंय म्हणतात, सीटी स्कॅन काढायचा का?

निपाणीची सूनबाई
मुलगा आता सहा महिन्यांचा होईल. साडेतीन महिन्यांच्या डोसला डोक्याचा घेर ४०.५ सेंमी लिहिलाय. परवा सर्दीसाठी खासगी दवाखान्यात नेलं तर ४५! डॉक्टर म्हणाले, "जरा लवकर वाढलंय, महिन्याने दाखवा," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तेव्हापासून घरात नुसता गोंधळ. सासूबाई म्हणतात टाळू भरली नाही, म्हणून एरंडेल थापतात. मोहरीची उशीही शिवून झाली. आमचे हे म्हणतात, सरळ बेळगावला नेऊन सीटी काढू. पोरगं मात्र मस्त आहे, पालथं पडतं, माझ्या मंगळसूत्राला लोंबकळतं. पण टाळू उडताना दिसते आणि माझी झोप उडते.

खानापूरची सिस्टर (रिटायर)
अगं पोरी, टाळू उडणारच, खाली नाडी आहे ना. बाळ शांत, मांडीवर उभं धरलेलं असताना ती फुगून ताठ दिसली तर गोष्ट वेगळी.

आता आकड्यांचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सहा महिन्यांच्या मुलाचा मधला घेर ४३.३ आहे, आणि साधारण ४५.८ पर्यंत चालतं. मुलींचा तक्ता वेगळा, तो बघून घाबरू नकोस. म्हणजे ४५ मर्यादेत आहे. मला खटकते ती उडी. या वयात महिन्याला साधारण एक सेंमी वाढतं, तुझ्याकडे अडीच महिन्यांत साडेचार झालं. ही उडी डोक्याची की टेपची, ते आधी बघा की.

सुई टोचायच्या दिवशी पोर हातपाय झाडत असतं, टेप मानेकडे घसरते. शिंप्याची जुनी टेप असेल तर ती ताणून लांबलेली, मग घेर कमीच भरतो. न ताणणारी टेप घ्यायची. पुढे भुवयांच्या जरा वर, बाजूला कानांच्या वरून, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग. टोपी, जावळाची शेंडी आडवी येऊ द्यायची नाही. तीनदा मोजून मोठा आकडा लिहायचा. आणि बाळाच्या बापाचं डोकं मोजलंस का?

वडगावचा बाबा
सिस्टर बरोबर बोलल्या. माझ्या पोरीच्या वेळी डॉक्टरांनी आधी माझंच डोकं मोजलं! आमच्या घराण्यात हेल्मेट एक्स्ट्रा लार्जच लागतं. तरी टाळूतून सोनोग्राफी केली. टाळू उघडी असते म्हणून ती होते, किरण नाही, भूल नाही, पोरगी बाटली तोंडात धरून पडली होती. सीटीला मोठ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जाऊ नका.

निपाणीची सूनबाई
यांचं ५९ भरलं 😄 सासरे म्हणाले, लग्नात फेटा पुरला नव्हता.

खानापूरची सिस्टर (रिटायर)
मग निम्मं उत्तर मिळालं. पण निम्मंच हं. फेट्यावर सोडून देऊ नकोस आणि महिनाभर थांबूही नकोस. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा, जन्मापासूनचे सगळे आकडे ने, तक्त्यावर रेघ काढून मागा. रेघ तक्त्यावरच्या छापील रेषांच्या एकाच वाटेने वर गेली तर ठीक. वाटा ओलांडत चढली तर सोनोग्राफी सांगतील. टाळू फुगलेली, सारख्या उलट्या, झटके, पेंगुळलेपण, किंवा बुबुळं खाली वळून वर पांढरं दिसणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी मोठा दवाखाना.

तेलाने टाळू भरत नाही, ती आपोआप वर्ष-दीड वर्षात भरते, काहींची दोन वर्षांपर्यंत. सासूबाईंना हलक्या हाताने लावू दे, दाबायचं नाही. मोहरीची उशी मात्र कपाटात टाक. या वयाला उशी नकोच, तोंड दबायची भीती. डोकं मागून चपटं वाटत असेल तर जागेपणी पोटावर खेळव आणि कडेवर घे.

आणि अंगणवाडीत वजनाला जाशील तेव्हा घेराचं विचार. आम्ही वजन न विसरता लिहायचो, घेराची जागा बऱ्याचदा कोरीच राहायची.