जळगाव-भुसावळला मेट्रो कशाला? लोकल द्या!

पासवाला भुसावळकर
आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'जळगाव-भुसावळ मेट्रो झालीच पाहिजे' सुरू आहे. रुळावरून जे धावेल ते सगळं मेट्रो, असं चाललंय. अहो, मेट्रो शहराच्या पोटात चालते. तिचा रूळ वेगळा, खांबावर नाहीतर जमिनीखाली, एक-दीड किलोमीटरला स्टेशन. मालगाडी आडवी येण्याचा प्रश्नच नाही, म्हणून दर चार-पाच मिनिटांनी गाडी सोडता येते. मुंबईची लोकल म्हणजे उपनगरी रेल्वे, तिचं ब्रॉडगेज देशभराच्या रेल्वेला जोडलेलं. आपल्याला पंचवीसेक किलोमीटर जायचंय, मध्ये भादली. रूळ आहेत, विजेच्या तारा आहेत. सकाळ-संध्याकाळ दर अर्ध्या तासाला मेमू, म्हणजे जवळच्या पल्ल्याची विजेवरची गाडी सोडा, झालं काम. मेमूला वेगळं इंजिन नसतं, मोटरी डब्यांखालीच. त्यामुळे ती पटकन वेग धरते आणि टोकाला इंजिन फिरवत बसावं लागत नाही.

एमआयडीसी शिफ्ट
भाऊ, कागदावर झकास. पण जळगावला सुरतेची आणि मुंबईची लाइन एकत्र होते, पुढे भुसावळचं यार्ड. या गर्दीत तुमच्या मेमूला रस्ता कोण देणार? एक्सप्रेस आली की शटल बाजूला. भादलीला उभ्या गाडीत डबा उघडून कळण्याची भाकरी संपते, सिग्नल काही पडत नाही. वेगळा रूळ लागतो तो याचसाठी. नागपूरला २०१९ मध्ये मेट्रो आली, पुण्याला २०२२ मध्ये. आपणच का मागे राहायचं?

पासवाला भुसावळकर
तिसरी-चौथी लाइन टाकली ती कशासाठी? नागपूर-पुण्याची लोकसंख्या बघा आणि आपली बघा. रिकामे डबे पळवायचे असतील तर मुंबईची मोनोरेल आठवा. २०१४ ला सुरू झाली, २०१९ ला वीस किलोमीटरची झाली, पण गर्दी काही जमलीच नाही.

जुनं धुळं
मोनो आणि मेट्रो एकाच पारड्यात टाकू नका. मोनो एका तुळईवर चालते आणि तिच्यात माणसं कमी मावतात. बाकी मी मेट्रोवालाही नाही. माझं मत ट्रामला! रस्त्यातच रूळ, फुटपाथवरून थेट आत. मुंबईने १९६४ मध्ये ट्राम बंद केली, ती चूकच होती.

एमआयडीसी शिफ्ट
ट्राम? काका, आमच्या बाजारातल्या रस्त्यावर हातगाडी, रिक्षा आणि लग्नाची वरात एकाच वेळी चालते. त्यात रूळ टाका आणि मजा बघा. भुसावळकरांना मात्र एकच विचारतो. तुमची लोकल जळगाव स्टेशनला सोडणार. पुढे एमआयडीसीपर्यंत? शेअर रिक्षात चौथा माणूस ड्रायव्हरच्या मांडीवर, तिथेच वीस मिनिटं जातात.

पासवाला भुसावळकर
हे मात्र खरं बोललात. मग गाडीच्या वेळेला जोडून स्टेशनवरून बस सोडा. पण त्यासाठी खांबावर मेट्रो?

तापीकाठ
दिल्ली-मेरठसारखी नमो भारत, म्हणजे शहरं जोडणारी वेगवान रेल्वे का नको? ताशी १६० चा वेग आहे!

पासवाला भुसावळकर
तो मार्ग ८२ किलोमीटरचा, दोन्ही टोकांना केवढी शहरं! आपल्या पंचवीस किलोमीटरला एवढा वेग कशाला?

जुनं धुळं
आम्हाला चाळीसगावला जायला मेमू मिळाली, त्यातच समाधान. पण दुपारी ती चुकली की दुसरी कधी, ते विचारू नका. गाड्या वाढवा एवढंच म्हणतो. नाव लोकल ठेवा, नाहीतर मेट्रो.

एमआयडीसी शिफ्ट
नाव मेट्रोच ठेवा. निदान नेते तरी उद्घाटनाला येतील.