मदत हवी आहे: नाव-गाव नसलेली इमो (भावनाप्रधान पंक-रॉक) बँडची सीडी, अल्बम कसा ओळखायचा?

त्रिमूर्तीनगर_रिफ:
सीताबर्डीला जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक सीडी मिळाली. साधं पांढरं पाकीट, वर काहीच लिहिलेलं नाही. ९ ट्रॅक, एकूण ३४ मिनिटं. दोन क्लीन गिटार एकमेकींत गुंफलेल्या, कॉर्ड कमी आणि सुटे सूर जास्त. गायक बहुतेक ओरडतोच, पण मिक्समध्ये मागे. चौथ्या गाण्यात ट्रम्पेट. गाणं ऐकून ओळखणारं शझॅम अॅप एकही गाणं ओळखत नाही. बँडचं नाव आणि रीतसर विकत घ्यायची सोय, दोन्ही हवंय. जाणकारांनी सांगा.

महाल_मिक्सटेप:
ट्रम्पेट म्हणजे ‘अमेरिकन फुटबॉल’ हा बँडच ना बावा! त्यांचा १९९९ चा पहिला अल्बम.

तिसरी_तार:
नाही भाऊ. तो अल्बम शझॅमनं लगेच पकडला असता, आणि त्यात असं ओरडणं नाही. ट्रम्पेटवरून काही सिद्ध होत नाही. एफ-ए-सी-जी-सी-ई हे त्यांच्या एका गाण्याचं गिटारचं ट्यूनिंग पुढे शेकडो बँडनी उचललं, त्यामुळे नुसत्या कानावर गेलात तर त्यांच्या अमेरिकेतल्या इलिनॉयपासून जपानपर्यंत फिरत बसाल.

आधी सीडी उलटी करा. खालची बाजू चांदीसारखी असेल तर कारखान्यात छापलेली. मग मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावर टॉर्च तिरपा धरून कोरलेला नंबर वाचा. तो मॅट्रिक्स नंबर. जवळ आयएफपीआय अशी अक्षरं दिसतील. तो कारखान्याचा कोड, बँडचा नाही, त्यात अडकू नका. मॅट्रिक्स नंबर डिस्कॉग्जवर, म्हणजे सीडी-रेकॉर्डची यादी ठेवणाऱ्या साइटवर शोधा. त्यात बऱ्याचदा लेबलचा कॅटलॉग नंबर दडलेला असतो, म्हणून पूर्ण जुळला नाही तर तुकडा टाकून बघा.

त्रिमूर्तीनगर_रिफ:
खालची बाजू हिरवट आहे दादा. कड्यावर फक्त कोऱ्या सीडीच्या कंपनीचा नंबर.

तिसरी_तार:
मग सीडी-आर आहे, कोणीतरी घरी बर्न केलेली. तो नंबर सोडून द्या. आता घाई रिप करायची, म्हणजे गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, कारण सीडी-आरमधला रंगाचा थर ऊन आणि उष्णतेनं खराब होतो, आणि आपल्याकडचा मे महिना सांगायला नको. गाडीच्या डॅशबोर्डवर तर ठेवूच नका. पुसायची झाली तर मऊ कापडानं, मधून कडेकडे सरळ. गोल फिरवून नाही. वरच्या बाजूला जास्त जपा: चकाकता थर तिथे नुसत्या लॅकरखाली असतो, तिकडचा ओरखडा थेट गाणं खातो.

सक्करदरा_बेस:
पुढचं मी सांगते. यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह चालेल. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रॅममध्ये सिक्युअर मोड लावून वेव्ह फाइल काढा. त्याआधी सीडी-टेक्स्ट, म्हणजे सीडीतच साठवलेली गाण्यांची नावं, वाचून बघा. बर्न करणाऱ्यानं नावं भरली असतील तर काम तिथेच संपलं.

नसतील तर म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या गाणी ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आधी ‘लुकअप सीडी’. हे आवाज ऐकत नाही, ट्रॅक कुठे सुरू होतात त्यावरून डिस्क जुळवतं. इथेच घरच्या सीडीची गोची होते: ट्रॅक-अॅट-वन्स पद्धतीनं बर्न केलं की दर दोन गाण्यांमध्ये २ सेकंद शांतता घुसते. तुमच्या ९ ट्रॅकमध्ये ८ जागा, म्हणजे शेवटचं गाणं मूळ डिस्कपेक्षा १६ सेकंद उशिरा सुरू होणार. त्यामुळे जुळलं नाही तर हात टेकू नका; फाइल टाकून ‘स्कॅन’ दाबा. ते पहिल्या २ मिनिटांच्या आवाजाचा ठसा अकाउस्टआयडी या ठशांच्या साठ्याशी ताडून बघतं. शझॅमपेक्षा हा साठा वेगळा आहे, हौशी लोकांनी भरलेला. छोट्या लेबलांचं बरंच काही इथे सापडतं.

एक फाइल स्पेक या, आवाजातल्या कंपनसंख्यांचा आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅममध्येही उघडा. आलेख २२ किलोहर्ट्झपर्यंत जात असेल तर बहुतेक सीडीवरून सीडी. १६ वर सरळ कापलेला असेल तर १२८ केबीपीएसची, म्हणजे आवाज दाबून लहान केलेली एमपी३ बर्न केलेली, म्हणजे गाणी नेटवरून उतरवलेली असू शकतात.

त्रिमूर्तीनगर_रिफ:
१६ वरच कापलाय! सीडी-टेक्स्ट रिकामं, स्कॅनमध्येही काही आलं नाही. कोरसची ओळ डिस्कॉग्जवर टाकली, तिथेही शून्य.

तिसरी_तार:
डिस्कॉग्ज गाण्याचे शब्द शोधत नाही, शीर्षकं शोधतं. आणि इमोवाले गाण्यात नसलेलंच काहीतरी लांबलचक, गमतीचं शीर्षक देतात. ओळ अवतरणचिन्हांत घालून साध्या सर्चमध्ये टाका, जिथे शब्द नीट ऐकू येत नाही तिथे तारांकन.

एमपी३ वरून आली असेल तर मायस्पेस या, बँड आपली गाणी चढवायचे त्या साइटचा काळ धरून चला. २०१५ च्या आधी तिथे चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना गेली, हे २०१९ मध्ये उघड झालं. त्यातली २००८ ते २०१० मधली सुमारे ४,९०,००० गाणी इंटरनेट आर्काइव्हवर ‘ड्रॅगन होर्ड’ नावानं वाचली आहेत. पण ती बँडच्या नावानं शोधायची. आधी नावांची यादी लागेल. त्यासाठी रेट युअर म्युझिक या अल्बमना गुण देणाऱ्या साइटवर चार्ट काढा: प्रकार मिडवेस्ट इमो (अशा गुंफलेल्या गिटारींचा इमो), वर्षं १९९६ ते २०१०, आणि ‘टॉप’ऐवजी ‘एसोटेरिक’ निवडा, म्हणजे कमी ऐकलेले अल्बम वर येतात. त्यातले ९ गाण्यांचे, ३४ मिनिटांच्या आसपासचे तेवढेच ठेवा. लांबी ताडताना गाण्यामागे २ सेकंदांचा फरक सोडून द्या.

सक्करदरा_बेस:
आणि रेडिटवर इमोवाल्यांना विचारताना अख्खं गाणं चढवू नका. ट्रम्पेटचा ३० सेकंदांचा तुकडा, नऊही गाण्यांची लांबी आणि ऐकू आलेल्या दोन ओळी, एवढं पुरे. गायकाचा उच्चार कुठला वाटतो तेही लिहा. फ्रान्स, इटली, जपान इथेही हा प्रकार जोरात होता.

नाव कळलं की बँडकॅम्प बघा, तिथे बँड स्वतः गाणी विकतात. फ्लॅक (दर्जा न घटवणारी फाइल) तिथूनच घ्या, स्वतःच्या सीडीवरून करू नका. १६ वर कापलेली फाइल फ्लॅक केली तरी वरचा आवाज परत येत नाही, फक्त जागा जाते. पैसे भरताना कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून ठेवा, बहुतेक कार्डांवर ते बंदच असतात. डिजिटलऐवजी रेकॉर्ड मागवली तर टपालखर्च आणि वर कस्टम्स, दोन्ही धरून हिशोब करा.

त्रिमूर्तीनगर_रिफ:
चार्ट काढून राहिलो. तुकडा आणि ट्रॅकची लांबी रात्री इथेच टाकतो.