न्यूटन ‘आयएनटीपी’? छे!

न्यूटन, कॅव्हेंडिश, डिरॅक या तिन्ही शास्त्रज्ञांना एका चर्चेत सरसकट ‘आयएनटीपी’ (मायर्स-ब्रिग्ज व्यक्तिमत्त्व चाचणीतला अंतर्मुख, आपल्याच विचारांत रमणारा, अलिप्त प्रकार) ठरवलंय, ते पटलं नाही. डिरॅकचं एक वेळ ठीक. केंब्रिजमधले सहकारी गमतीने ‘तासाला एक शब्द म्हणजे एक डिरॅक’ असं माप लावायचे म्हणे! पण न्यूटन? १६९६ मध्ये इंग्लंडच्या सरकारी टांकसाळीत अधिकारी म्हणून गेल्यावर खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या हात धुऊन मागे लागलेला, जर्मन गणितज्ञ लाइब्निझशी वर्षानुवर्षं भांडलेला माणूस. एकलकोंडा असेल, अलिप्त मुळीच नव्हता.

कॅव्हेंडिशचं कोडं जास्त मजेशीर. मोलकरणींना चिठ्ठ्या लिहून कामं सांगायचा, पण शास्त्रज्ञांच्या रॉयल सोसायटी क्लबच्या जेवणाला नेमाने हजर! विजेवरचे बरेचसे प्रयोग त्याने छापलेच नाहीत. ते १८७९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने प्रसिद्ध केले. हा लाजाळूपणा की प्रसिद्धीबद्दलची बेफिकिरी? मला तरी बेफिकिरीच वाटते.

एडिसनला मात्र ‘ईएनटीपी’ (त्याच चाचणीतला बहिर्मुख प्रकार) म्हणायला माझी हरकत नाही.