अनुभव धागा : ऑपरेशन पवन आणि त्यानंतरचे जाफना

29 जुलै 1987 ला कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला आणि भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. ऑक्टोबरमध्ये तिची एलटीटीई या सशस्त्र तमीळ संघटनेशी लढाई सुरू झाली; उत्तरेकडचे जाफना शहर एलटीटीईच्या ताब्यातून घेण्याची मोहीम म्हणजे ऑपरेशन पवन. शेवटची तुकडी 24 मार्च 1990 ला त्रिंकोमालीहून निघाली. जवळपास 1,200 जवान परतले नाहीत. या मोहिमेबद्दल मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. ज्यांना कामाची नेमकी माहिती आहे, त्यांनी लिहावे. राजकारणावर स्वतंत्र चर्चा करू.

पायदळ

पालालीचा हवाई तळ ते जाफना शहर हे अंतर सुमारे 16 किमी. नकाशावर किरकोळ दिसते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना ताडाची बने, कुंपणाला कुंपण लागलेली घरे, विहिरी आणि अरुंद गल्ल्या. त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा पावसाळा. कोरड्या दिवसांत खणलेली माती रंगावरून ओळखू येते. एक जोराची सर आली की सगळे सपाट.

सर्वाधिक घात केला तो रस्त्याखाली पुरलेल्या स्फोटकांनी. मोरीत किंवा डांबराखाली स्फोटके, तिथून वायर आडरानात, आणि वायरच्या टोकाला बॅटरी घेऊन बसलेला माणूस. म्हणून रस्ता तपासणारी तुकडी रस्त्यावरून चालत नाही. दोन्ही अंगांना बरेच आत शिरून, रस्त्याला समांतर चालते आणि आडवी जाणारी वायर शोधते. वायर सापडली की आधी तिचे टोक धरून बसलेल्याचा बंदोबस्त, मग स्फोटके. चूक होते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तोच रस्ता, तीच वेळ, तोच क्रम. समोरचा तेच टिपत असतो.

रायफलीचा फरकही मोठा. आपली 7.62 मिमीची एसएलआर रायफल लांब पल्ल्याला उत्तम, पण मॅगझिन 20 गोळ्यांचे आणि दर गोळीला घोडा दाबायचा. एलटीटीईकडे एके-47 : लांबीला कमी, 30 गोळ्यांचे मॅगझिन, सलग मारा. वीस-तीस पावलांवरच्या चकमकीत एसएलआरची लांबी दारा-कुंपणात अडते.

वायरलेस

वरच्या अडचणींत ही एक भर. 11-12 ऑक्टोबर 1987 च्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून जवान उतरवले, तेव्हा समोरचे तयारीतच होते. आपले वायरलेसवरचे बोलणे त्यांनी ऐकले होते, असे मानले जाते. 13 शीख लाइट इन्फंट्रीचे 30 जण उतरले, 29 मारले गेले, एक कैद झाला. साध्या भाषेत बोललेला एक शब्दही उतरण्याची जागा सांगून जातो. ठिकाणांना सांकेतिक नावे, ती रोज बदलणे आणि संदेश शक्य तितका आखूड ठेवणे, एवढे तरी पाळावेच लागते.

महार रेजिमेंटबद्दल

या मोहिमेतले एकमेव परमवीर चक्र 8 महारच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे. जन्म मुंबईचा. 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावली आणि त्याला ठार केले. मुंबईतल्या शाळांमधून हे नाव ऐकू यायला हवे, असे मनापासून वाटते.

दुसरी बाजूही लिहायलाच हवी

21 ऑक्टोबर 1987 ला जाफना रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका आपल्या सैनिकांच्या गोळीबारात मरण पावल्या. तिथले लोक दरवर्षी तो दिवस पाळतात. तमीळ बोलणारे पुरेसे जवान नसलेली पलटण दाट वस्तीत घुसवली की घरातला माणूस आणि बंदूकधारी यांतला फरक ओळखायला साधनच उरत नाही. याची जबाबदारी पाठवणाऱ्यांवरही येते.

सुरुंग काढण्याचे काम

शांतिसेना परतल्यावरही श्रीलंकेचे सैन्य आणि एलटीटीई यांच्यात चाललेले युद्ध 2009 च्या मे महिन्यात संपले, पण दोन्ही बाजूंनी पेरलेले सुरुंग जमिनीत राहिले. जाफना द्वीपकल्पाच्या तोंडाशी असलेला मुहमालैचा पट्टा त्यातल्या सर्वांत दाट पट्ट्यांपैकी एक. पी-4 सारख्या प्लास्टिकच्या सुरुंगात धातू नावापुरता असतो, त्यामुळे डिटेक्टर नीट बोलत नाही. म्हणून तिथे दाताळे वापरतात. जड दाताळ्याने माती सैल करायची, हलक्याने ती आपल्याकडे ओढून घ्यायची. समोर मातीची उभी कड राखायची आणि तिच्या पायथ्यापासून वर सरकायचे, म्हणजे सुरुंग बाजूने उघडा पडतो. त्याची दाबाची थाळी वरच्या अंगाला असते. दाताळे वरून आपटले की संपले.

माती उन्हाने कडक झाली असेल तर आधी पाणी मारून मुरू द्यावे लागते. घाई इथेच होते. खोली दर थोड्या अंतरावर पट्टीने मोजायची. लाकडी खोक्यातले सुरुंग आणखी वाईट : लाकूड कुजते, वाळवी लागते, आणि मग किती दाबाला फुटेल याचा नेम राहत नाही. या कामात बायकांची संख्या मोठी आहे. त्यांतल्या अनेकींवर एकटीच्या कमाईने घर चालवायची वेळ आहे.

नाव शोधणाऱ्या कुटुंबांसाठी

दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर, त्याग चक्रात (नावे कोरलेल्या भिंतींच्या वर्तुळात), या मोहिमेतल्या शहिदांची नावे आहेत. कोलंबोजवळ श्री जयवर्धनेपुरा कोट्टे इथल्या स्मारकावरही आहेत. शोधताना नुसत्या नावावर विसंबू नका. कोरलेले नाव इंग्रजीत असते. शिंदेचे स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी येते, मधले नाव गळते. सैनिक क्रमांक, हुद्दा आणि पलटण हाताशी ठेवा. ते नसेल तर पेन्शनच्या जुन्या कागदावर क्रमांक सापडतो. तोही नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवा : महारसाठी सागर, मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव. पत्रात गाव, तालुका आणि वडिलांचे नाव जरूर घाला, कारण एकाच नावाचे चार जवान निघतात.